४ ग्रॅम कुणाचे आणि १०४ ग्रॅम कुणाचे?

पत्र असं आहे:

"ताई, मी अकरावी सायन्सला आहे. दहावीपर्यंत मराठी मीडियम होतं, आता सगळं इंग्लिशमध्ये. नीटचा क्लास लावलाय, तिथे एनसीईआरटी धरून शिकवतात त्यामुळे मोल कन्सेप्टनंतर अकरावीतच थर्मो (थर्मोडायनॅमिक्स, उष्णतेचा धडा) सुरू झालं. थिअरी कळते पण न्यूमेरिकल समोर आलं की मी ब्लँक. फॉर्म्युला पाठ असतो तरी उत्तर चुकतं. परवाच्या टेस्टमध्ये होतं की ४ ग्रॅम सोडियम हायड्रॉक्साइड १०० ग्रॅम पाण्यात विरघळवलं, टेम्परेचर २५ वरून ३५.२ झालं, तर पर मोल एन्थाल्पी (एका मोलमागे दिलेली किंवा घेतलेली उष्णता) काढा. मी एम (वस्तुमान) ४ घेतला, सी (पाण्याची विशिष्ट उष्माधारकता) ४.१८, डेल्टा टी (टेम्परेचरमधला फरक) १०.२ अधिक २७३ म्हणजे २८३.२. गुणाकार ४७३५ ज्यूल आला, ०.१ मोलने भागलं, ४७.३५ किलोज्यूल. आन्सर की मध्ये उणे ४४.३ आहे. मैत्रीण म्हणते राउंड ऑफचा फरक असेल, तू फक्त मायनस विसरलीस. सरांना विचारायची भीती वाटते, खूप मोठी बॅच आहे. पप्पांचं कृषी सेवा केंद्र आहे, ते म्हणतात झेपत नसेल तर कॉमर्स घे, दुकानाला तरी उपयोग होईल. मला खरंच केमिस्ट्रीचं डोकं नाही का?"

अगं, डोक्याचं नंतर बघू, आधी तुझ्या त्या ४७.३५ कडे येते कारण ते उत्तर मला भलतंच आवडलंय. मैत्रिणीला सांग, राउंड ऑफचा इथे काडीचा संबंध नाही. तू दोन चुका केल्यास आणि दोन्ही उलट्या दिशांना गेल्या. वस्तुमान १०४ घ्यायचं तिथे ४ घेतलंस, उत्तर २६ पट लहान झालं. डेल्टा टी १०.२ घ्यायचा तिथे २८३.२ घेतलास, उत्तर जवळजवळ २८ पट मोठं झालं. एकीने खाली ओढलं, दुसरीने तेवढंच वर नेऊन ठेवलं, आणि शेवटी उरला सहा-सात टक्क्यांचा फरक, जो बघून कुणालाही वाटणार की अरेरे थोडक्यात गेलं हिचं.

थांब, अजून आहे. तू वर ४ ग्रॅम घेतलेस आणि खाली त्याच ४ ग्रॅमच्या मोलने भागलंस. ४ भागिले ०.१ म्हणजे ४०, आणि ४० हे तर सोडियम हायड्रॉक्साइडचं मोलर मास, म्हणजे एका मोलचं ग्रॅममधलं वस्तुमान! म्हणजे तुझ्या पद्धतीत प्रयोग कसाही करा, पाणी वाटीभर घ्या नाहीतर बादलीभर घ्या, ४० गुणिले ४.१८ गुणिले दोनशे ऐंशीच्या आसपासचं काहीतरी असंच होणार आणि उत्तर ४६-४७ च येणार. गणितात १०० ग्रॅम पाणी दिलं होतं ना, ते तू कुठे वापरलंस दाखव मला. कुठेच नाही. हीच पद्धत नवसागराला म्हणजे अमोनियम क्लोराइडला लाव, साठ किलोज्यूल येतील, आणि खरं उत्तर आहे पंधराच्या जवळ. तिथे तू रंगेहाथ सापडली असतीस, इथे नशिबाने लपलीस, आणि अशा लपलेल्या चुकाच बोर्डापर्यंत सोबत येतात.

तर मुद्दा एकच आहे आणि तो मी तुला दहा वेळा सांगणार आहे. उष्णतेच्या या गणितांमध्ये वस्तुमानं दोन असतात. एक, जे गरम किंवा गार होतं त्याचं. दुसरं, जे बदलतं त्याचं, म्हणजे जे विरघळतं, जळतं, ज्याची वाफ होते त्याचं. एम सी डेल्टा टी मधला एम पहिल्याचा, आणि मोल काढायचे ते दुसऱ्याचे. तुझ्या गणितात गोंधळ व्हायला कारणही आहे, कारण सोडियम हायड्रॉक्साइड दोन्हीकडे हजर आहे, ते विरघळून उष्णता सोडतं आणि विरघळल्यावर त्याच द्रावणाचा भाग होऊन स्वतःही गरम होतं. म्हणून गरम होणारं १०४ ग्रॅम आणि बदलणारं ४ ग्रॅम. १०४ गुणिले ४.१८ गुणिले १०.२, आले ४४३४ ज्यूल, म्हणजे ४.४३ किलोज्यूल. ४ ग्रॅम म्हणजे ०.१ मोल. भागलं की ४४.३. (पुस्तकांमध्ये ४४.५ च्या आसपास दिलेलं असतं, लॅबमध्ये थोडी उष्णता कपाला आणि थर्मामीटरला जाते आणि द्रावणाची सी आपण गुपचूप पाण्याचीच धरतो, तेवढं चालतं.)

हे दोन वस्तुमानांचं तुला घरातच बघायचं असेल तर माठ बघ. माझ्या मते कुठल्याही पुस्तकातल्या कॅलरीमीटरपेक्षा माठ चांगला, कारण तिथे दोन्ही बाजूंना पाणीच आहे आणि तरी दोन वस्तुमानं वेगळी आहेत. समज माठात ५ लिटर पाणी आहे, म्हणजे ५००० ग्रॅम. बाहेरच्या अंगावर पाणी झिरपतं, त्याची वाफ होते, वाफ व्हायला उष्णता लागते आणि ती आतल्या पाण्यातून काढून घेतली जाते. १ मोल पाणी म्हणजे १८ ग्रॅम, चहाचे साडेतीन चमचे म्हण. एवढ्याची २५ डिग्रीला वाफ व्हायला ४४ किलोज्यूल लागतात. आता बदललं कोण, तर उडून गेलेले १८ ग्रॅम, मोल त्यांचे. गार झालं कोण, तर आत राहिलेलं पाणी, एम सी डेल्टा टी त्याचा. ४४००० भागिले, ५००० गुणिले ४.१८ म्हणजे २०९००, उत्तर आलं २.१ डिग्री. साडेतीन चमचे पाणी उडालं आणि पाच लिटर पाणी दोन डिग्रीने उतरलं! (प्रत्यक्षात बाहेरची गरम हवा परत उष्णता आत ढकलत असते म्हणून थोडं कमी. आणि मुंबई-कोकणातल्या माठाला शिव्या देऊ नयेत, तिथे हवाच इतकी दमट की पाणी उडायलाच मागत नाही, विदर्भातल्या मे महिन्यातल्या कोरड्या हवेत तोच माठ फ्रीजसारखा चालतो.) या गणितात कुणी १८ ला ४.१८ ने गुणलं तर तुला लगेच खटकेल ना? तुझ्या टेस्टमध्ये तू तेच केलंस, फक्त तिथे खटकलं नाही.

म्हणून आजपासून एक सवय लाव. आकडा एकटा लिहायचा नाही. "१०४" नाही, "१०४ ग्रॅम द्रावण". "०.१" नाही, "०.१ मोल सोडियम हायड्रॉक्साइड". रफ पानावर मधोमध रेघ मार, डावीकडे काय बदललं ते, उजवीकडे काय गरम-गार झालं ते, आणि गणितात दिलेला प्रत्येक आकडा कुठल्यातरी एका बाजूला बसव. दोन मिनिटं जास्त लागतील, लागू देत. पेपर तपासताना मला दिसतं की ज्यांची गणितं चुकतात त्यातल्या बहुतेकांना फॉर्म्युला तोंडपाठ असतो, चुकतं ते हेच की कुणाचा आकडा कुणाच्या जागी.

आता २७३. टेम्परेचर केल्विनमध्ये घ्यायचं हे तुझ्या डोक्यात गॅस लॉजमुळे बसलंय, तिथे ते बरोबरच आहे. पण इथे आपल्याला फरक हवाय. ३५.२ मध्ये २७३ मिळव, २५ मध्येही मिळव, वजाबाकी कर, काय आलं? १०.२ च. फरकात परत २७३ घालायचे नाहीत. २८३ डिग्रीने पाणी तापलं असतं तर तुझा बीकर केव्हाच कोरडा झाला असता आणि बहुतेक तडकलाही असता.

मायनसचं सोपं आहे पण सगळे तिथे अडकतात. पप्पांचं दुकान डोळ्यासमोर आण. गल्ल्यातून शंभर रुपये बाहेर गेले तर दुकानाच्या हिशोबात ते वजा, आणि ज्याच्या हातात गेले त्याच्या हिशोबात तेच शंभर अधिक. एन्थाल्पीचा हिशोब नेहमी रिअ‍ॅक्शनच्या गल्ल्याचा असतो. पाण्याचं टेम्परेचर वाढलं म्हणजे पाण्याला मिळालं, म्हणजे रिअ‍ॅक्शनच्या गल्ल्यातून गेलं, मायनस. पाणी गार पडलं तर उलट. आणि हे तू दहावीत मराठीत शिकलीयेस गं, उष्ण वस्तूने गमावलेली उष्णता बरोबर थंड वस्तूने ग्रहण केलेली उष्णता, त्या उष्णता विनिमयाच्या तत्त्वावर तू गणितं सोडवली आहेस. अकरावीत त्यात फक्त मोलची भर पडली. एक मात्र सांभाळ, दहावीत पाण्याची विशिष्ट उष्माधारकता १ घ्यायचीस कारण तिथे कॅलरी होती, इथे ज्यूल आहे म्हणून ४.१८. मँचेस्टरच्या जेम्स ज्यूलने १८४० च्या दशकात वजनं खाली सोडून त्यांच्या जोरावर पाण्यात पाती फिरवली आणि किती कामाने पाणी किती तापतं ते मोजलं, आजच्या मापात १ कॅलरी म्हणजे ४.१८४ ज्यूल. दोन्ही एकाच गणितात मिसळलेस तर चौपट फरक पडतो. आणि किलो! क्यू म्हणजे उष्णता ज्यूलमध्ये येते, एन्थाल्पी किलोज्यूलमध्ये मागतात, हजाराने भागायचं राहतं आणि मुलं बिनधास्त ४४३४० किलोज्यूल पर मोल लिहून मोकळी होतात. नुसतं पाण्यात विरघळून एवढी उष्णता कधी निघेल का? आकड्यांचा थोडा अंदाज ठेव. विरघळण्याच्या गणितात एका मोलमागे साधारण काही किलोज्यूल ते वीस-तीस-पन्नास किलोज्यूल, स्ट्राँग अ‍ॅसिड आणि स्ट्राँग बेसच्या न्यूट्रलायझेशनला सुमारे ५७, मिथेन जळाला तर ८९०, ब्यूटेन २८७८. नीटला कॅल्क्युलेटर नसतो, त्यामुळे हा अंदाजच तुझा कॅल्क्युलेटर, ४.१८ ला ४.२ धर आणि आधी मनात ढोबळ उत्तर काढून ठेव.

अजून एक खड्डा दाखवते, टेस्टमध्ये आला नसला तरी येणारच आहे. समीकरण दिलेलं असतं, दोन मोल हायड्रोजन अधिक एक मोल ऑक्सिजन, दोन मोल द्रवरूप पाणी, एन्थाल्पी उणे ५७२ किलोज्यूल. आणि विचारतात १ ग्रॅम हायड्रोजन जाळला तर किती. १ ग्रॅम म्हणजे अर्धा मोल, आणि मुलं ५७२ चं अर्धं करून २८६ लिहितात. पण ५७२ हे दोन मोल हायड्रोजनचे आहेत! एका मोलचे २८६, अर्ध्याचे १४३. इथेही तेच, आकडा कुणाचा. समीकरणाशेजारी लिहिलेली एन्थाल्पी ही त्या अख्ख्या समीकरणाची असते, जसं लिहिलंय तसं.

मोलचं म्हणशील तर तू त्याला उगाच घाबरतेस. एका मोलमध्ये ६.०२२ गुणिले १० चा २३ वा घात इतके कण, ठीक आहे, मोठा आकडा आहे, २० मे २०१९ पासून तर मोलची व्याख्याच त्या ठरलेल्या आकड्यावर आहे, पण गणित सोडवताना तो आकडा क्वचित लागतो. लागतं ते मोलर मास. दुकानात जा आणि युरियाचं पोतं बघ. ४५ किलो. युरियाच्या रेणूत एक कार्बन, एक ऑक्सिजन, दोन नायट्रोजन, चार हायड्रोजन, बेरीज १२ अधिक १६ अधिक २८ अधिक ४, म्हणजे ६०. ४५००० भागिले ६०, एका पोत्यात ७५० मोल युरिया. प्रत्येक मोलमध्ये २८ ग्रॅम नायट्रोजन, म्हणजे २१००० ग्रॅम, २१ किलो. २१ भागिले ४५, ४६.६७ टक्के. आता पोत्यावर काय छापलंय वाच, ४६ टक्के नत्र! (आपण शंभर टक्के शुद्ध कोरडा युरिया धरला म्हणून किंचित जास्त आलं.) पप्पा रोज गिऱ्हाइकांना एकरी इतकं नत्र म्हणजे इतकी पोती असं सांगतात ना, त्यात ते मास परसेंटच वापरतात, आणि तेही तोंडी. कॉमर्स चांगलंच आहे, जायचं तर खुशाल जा, पण दुकानाला केमिस्ट्रीचा उपयोग नाही असं त्यांनी म्हणू नये.

२२.४ चं एक राहिलं. २२.४ लिटर म्हणजे १ मोल हे फक्त गॅसला, शून्य डिग्रीला आणि १ अ‍ॅटमॉस्फिअरला. एनसीईआरटीत २२.७ दिसलं तर दचकू नकोस, तिथे प्रेशर १ बार धरलेलं आहे. आणि पाण्याला, पेट्रोलला, अल्कोहोलला हा आकडा लावायचा नाही. २२.४ लिटर पाण्यात १ मोल नसतो, जवळजवळ साडेबाराशे मोल असतात, करून बघ.

आता मोल आणि उष्णता एकत्र आली की खरी परीक्षा कशी होते ते सांगते, कारण क्लासवाले हेच फिरवून विचारतात. ५० मिली १ मोलर (म्हणजे लिटरला १ मोल) हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड आणि ५० मिली १ मोलर सोडियम हायड्रॉक्साइड मिसळलं, टेम्परेचर साधारण ६.८ डिग्रीने वाढतं. दोन्ही १०० मिली घेतले तर किती वाढेल? वर्गात विचारलं की निम्मी मुलं १३.६ म्हणून ओरडतात. उष्णता दुप्पट झाली हे खरं, पण तापायचं पाणीही दुप्पट झालं, म्हणून वाढ तीच, ६.८. मग अ‍ॅसिड १०० मिली आणि बेस ५० मिली घेतला तर? बेस ०.०५ मोलच आहे, तो संपला की रिअ‍ॅक्शन थांबली, उष्णता पहिल्याइतकीच २.८५ किलोज्यूल, पण आता तापतंय १५० ग्रॅम, म्हणून वाढ साडेचार डिग्री. जास्तीचं अ‍ॅसिड नुसतं बसून गरम होतंय, काम काही करत नाही. हे तीन बीकर शेजारी शेजारी काढ आणि फॉर्म्युल्याशिवाय, फक्त कमी-जास्त-तेवढंच अशा भाषेत उत्तर दे, मग आकडे घाल. मला विचारशील तर एका गणितात असे तीन बदल करून ते तीनदा सोडवणं हे वेगवेगळी तीस गणितं सोल्युशन बघत उतरवण्यापेक्षा कितीतरी बरं.

डोकं नाही का विचारतेस, तर तू मला तुझं अख्खं गणित पायरीपायरीने लिहून पाठवलंस म्हणून मला चूक कुठली ते एका मिनिटात दिसलं. तेच सरांना दे. एवढ्या मोठ्या बॅचमध्ये हात वर करायचं धाडस नसेल होत तर नको करूस, लेक्चर संपल्यावर वही पुढे कर आणि "सर मला समजत नाही" असं म्हणू नकोस, "सर इथे एम ४ का नाही घ्यायचा" असं विचार. असा प्रश्न आला की शिकवणाऱ्यालाही बरं वाटतं, उत्तर अर्ध्या मिनिटात मिळतं. आणि इंग्लिशचं टेन्शन घेऊ नकोस, गणित वाचताना मनात मराठीत वाच, काय विरघळलं, काय तापलं, कुणाने दिलं, कुणाला मिळालं, उत्तर लिहिताना इंग्लिश लिही, कुणी बघायला येत नाही. कॉमर्सचा निर्णय आत्ता एका टेस्टवरून घेऊ नका असं पप्पांना माझ्या वतीने सांग, अजून दोन-तीन टेस्ट या रेघेच्या पद्धतीने देऊन बघ, तरी मन रमत नसेल तर मग शांतपणे बोला.

आता तुझं काम. दुकानातला ६ ग्रॅम युरिया, १०० ग्रॅम पाणी, पाणी २८ डिग्रीला. युरिया विरघळताना प्रत्येक मोलला सुमारे १५ किलोज्यूल उष्णता घेतो, घेतो हं, देत नाही. पाण्याचं टेम्परेचर किती होईल ते आधी वहीत काढ, मग १२ ग्रॅम युरिया आणि २०० ग्रॅम पाणी घेतलं तर काय होईल ते गणित न करता सांग. पहिल्याचं उत्तर २४.६ च्या आसपास आलं पाहिजे, ३१ आलं तर गल्ला आठव. मग प्रत्यक्ष करून बघ, एकात एक घातलेले दोन थर्माकोलचे कप घे, युरिया एकदम टाकून लगेच ढवळ. फक्त घरातला तापाचा थर्मामीटर वापरू नकोस, तो इतकं कमी टेम्परेचर दाखवतच नाही, कॉलेजच्या लॅबमधून मागून घे. आणि सोडियम हायड्रॉक्साइड, म्हणजे कॉस्टिक सोडा, घरी अजिबात नाही, हाताला आणि डोळ्याला वाईट भाजतो, तो प्रयोग लॅबमध्ये मॅडम समोर असतानाच.